वेम्बान्यामावर मदार ठेवावी काय?

अमेरिकेतील 'एनबीए' या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत २०२२-२३ च्या हंगामात सान अँटोनियो स्पर्सने ८२ पैकी अवघे २२ सामने जिंकले. त्या नामुष्कीचे फळ म्हणून नव्या खेळाडूंच्या निवडीत संघाला पहिला क्रमांक मिळाला आणि जून २०२३ मध्ये व्हिक्टर वेम्बान्यामा हा एकोणीस वर्षांचा फ्रेंच खेळाडू स्पर्सच्या गोटात दाखल झाला. शतकातून एखादाच निपजावा असा हा खेळाडू, असे त्याचे कौतुक अगोदरच होऊन गेले होते. पुढील हंगामात त्याने सामन्यामागे २१.४ गुण मिळवले, प्रतिस्पर्ध्यांचे फटके अडवण्यात साऱ्या स्पर्धेत पहिला क्रमांक पटकावला आणि सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार एकमताने जिंकला. संघाचे विजय मात्र त्याही हंगामात २२ च राहिले.

हा आकडा विसरता येण्यासारखा नाही, कारण सान अँटोनियोला अशा प्रसंगी वेगळा अनुभव होता. १९८९ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन नौदलातील सेवा आटोपून आला, तेव्हा २१ विजयांवरचा संघ एका वर्षात ५६ विजयांवर पोहोचला. १९९७ मध्ये टिम डंकन आला आणि २० चे पुन्हा ५६ झाले. अर्थात ही तुलना थोडी अन्यायाची आहे. डंकनच्या शेजारी दुखापतीतून सावरलेला रॉबिन्सन उभा होता. वेम्बान्यामाच्या शेजारी होती ती बहुतांशी त्याच्यासारखीच अननुभवी मुले. त्यातच त्या हंगामाच्या सुरुवातीला जेरेमी सोहान या मुळातल्या फॉरवर्डकडे चेंडू खेळवण्याचे काम सोपवण्याचा विचित्र प्रयोग झाला. तो फसणारच होता.

आयपीएलमुळे 'फ्रँचायझी' हा शब्द मराठी वाचकाच्या चांगल्याच परिचयाचा झाला आहे. २००८ मध्ये सचिन तेंडुलकर मुंबईचा आणि सौरव गांगुली कोलकात्याचा 'आयकॉन' खेळाडू ठरला होता. परंतु तेथे काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि संघाची मांडामांड नव्याने सुरू होते. अमेरिकी बास्केटबॉलमधील 'फ्रँचायझी प्लेअर' ही निराळी चीज आहे. मैदानावर एका वेळी पाचच खेळाडू असतात, एकूण वेतनावर मर्यादा असते, आणि त्या वेतनाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक एकट्याच्या पदरात टाकून क्लब आपली आठ-दहा वर्षे त्याच्यावर बेततो. उरलेले खेळाडू त्याला साजेसे निवडले जातात, प्रशिक्षकाची पद्धत त्याच्याभोवती घडते, तिकिटे त्याच्या नावावर खपतात. तेव्हा खेळाडू उत्तम आहे काय, एवढ्याने भागत नाही. त्याच्यावर एवढा डाव लावावा काय, हे ठरवावे लागते.

उत्तमपणाविषयी वादच नाही. उंची सव्वासात फुटांच्या वर, दोन्ही हात पसरले तर सुमारे आठ फूट, आणि तरीही दुरून तीन गुणांचे फटके मारण्याची आणि चेंडू आपटत पुढे नेण्याची गार्डसारखी सफाई. जानेवारी २०२४ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध केवळ २१ मिनिटांत त्याने 'ट्रिपल-डबल' साधले. त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात बलाढ्य अमेरिकेविरुद्ध त्याने २६ गुण मिळवले. फ्रान्स हरला, पण त्या रात्री दडपणाचा प्रश्न बऱ्याच अंशी निकालात निघाला. त्याच्या समोरून चेंडू घेऊन जाणारा खेळाडू शेवटच्या क्षणी विचार बदलून मागे वळतो, हे दृश्य तर नित्याचे झाले आहे. न मारलेल्या फटक्यांची नोंद आकडेवारीत होत नाही, म्हणून त्याच्या बचावाचे खरे मोल आकड्यांपेक्षा पुष्कळ जास्त धरावे लागते.

प्रश्न शरीराचा आहे. एवढ्या उंचीची माणसे या खेळात फार काळ टिकत नाहीत, असा कटू अनुभव आहे. ह्यूस्टनने १९८३ मध्ये पहिल्या क्रमांकाने निवडलेला राल्फ सॅम्पसन गुडघ्यांनी संपवला. त्याच ह्यूस्टनने २००२ मध्ये निवडलेला चीनचा याओ मिंग पायाच्या दुखापतींनी बेजार होऊन २०११ मध्ये निवृत्त झाला. वेम्बान्यामा पहिल्या हंगामात ७१ सामने खेळला तेव्हा शंकेखोर थोडे गप्प झाले होते. परंतु फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या उजव्या खांद्यातील रक्तवाहिनीत गाठ आढळली आणि ४६ सामन्यांवरच त्याचा दुसरा हंगाम आटोपला. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेत असताना अंगाला अंग भिडणारा खेळ खेळता येत नाही. मायामीच्या ख्रिस बॉशची कारकीर्द पुन्हा पुन्हा होणाऱ्या अशाच गाठींनी २०१६ मध्ये थांबली, त्यामुळे त्या बातमीने सान अँटोनियोच्या काळजात धस्स झाले असल्यास नवल नाही. जुलै २०२५ मध्ये वैद्यकीय परवानगी मिळाली, ऑक्टोबरमध्ये हंगामाच्या पहिल्याच सामन्यात डॅलसविरुद्ध त्याने ४० गुण मिळवले, आणि नोव्हेंबरमध्ये पोटरीचा स्नायू दुखावून तो पुन्हा बाहेर बसला.

या गैरहजेरीची किंमत आता थेट पैशातही मोजली जाते. २०२३-२४ पासून लीगच्या प्रमुख पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळण्याची अट लागू झाली. त्यामुळे २०२४-२५ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा मान जवळपास त्याच्या हातात असतानाही तो शर्यतीतून बाद झाला. त्याचा पहिला करार चार वर्षांचा, सुमारे साडेपाच कोटी डॉलरचा. तो वाढवण्याची मुभा नियमानुसार २०२६ च्या उन्हाळ्यापासून मिळते, आणि त्या वाढीव करारात वेतनमर्यादेचा २५ टक्के हिस्सा मिळावा की ३० टक्के, हे अशाच पुरस्कारांवर अवलंबून असते. म्हणजे दुखऱ्या पोटरीने आणखी चार सामने खेळावेत की नाही, या निर्णयामागे कोट्यवधी डॉलर उभे असतात. चोवीस वर्षांच्या आतल्या मुलावर हे ओझे टाकणारी व्यवस्था शहाणपणाची आहे काय, याचाही लीगने कधीतरी विचार करावा.

मात्र दुखापतीपेक्षाही दुखापतीवरून होणारा बेबनाव संघाला अधिक महाग पडतो, हे स्पर्सइतके कोणालाच ठाऊक नसेल. डंकननंतरचा आधारस्तंभ त्यांना एकदा मिळाला होता. कवाय लिओनार्ड २०१४ च्या अंतिम मालिकेचा मानकरी ठरला तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. २०१७-१८ मध्ये मांडीच्या स्नायूच्या दुखण्यामुळे तो नऊच सामने खेळला. क्लबच्या डॉक्टरांचे आणि त्याच्या स्वतःच्या सल्लागारांचे मत जुळेना, बोलणे तुटले, आणि जुलै २०१८ मध्ये त्याला टोरोंटोला धाडावे लागले. पुढच्याच वर्षी टोरोंटो विजेता झाला. स्पर्सची सलग २२ वर्षे बाद फेरी गाठण्याची परंपरा २०२० मध्ये खंडित झाली आणि नंतरची पाच वर्षेही कोरडी गेली. या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी २०२५ मधील क्लबची तत्परता बोलकी आहे. गाठीचे निदान होताच उरलेला हंगाम रद्द असे जाहीर झाले. पुनरागमनाच्या तारखांचा घोळ घातला गेला नाही. डिआरॉन फॉक्ससारखा मोठा खेळाडू त्याच महिन्यात आणला होता, दोघे मिळून अवघे पाच सामने खेळले होते, तरीही.

क्लबनेही खेळाडूला राखले पाहिजे, ही दुसरी बाजू याच काळात डॅलसने दाखवून दिली. लुका डॉन्चिचने त्या संघाला जून २०२४ मध्ये अंतिम मालिकेपर्यंत नेले होते. पंचविशीतल्या या खेळाडूच्या तंदुरुस्तीवर भरवसा नाही, असे ठरवून व्यवस्थापनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला लॉस एंजेलिस लेकर्सच्या हवाली केले. प्रेक्षकांचा संताप शमला नाही, आणि त्या व्यवहाराचे शिल्पकार निको हॅरिसन यांना नोव्हेंबर २०२५ मध्ये घरी जावे लागले. वैद्यकीय अहवाल वाचून आधारस्तंभ विकता येतो. त्याची जागा भरून काढणारा बाजारात मिळत नाही. सान अँटोनियोसारख्या तुलनेने लहान बाजारपेठेत तर मुळीच नाही, कारण तेजीत असलेले तारे आपणहून लॉस एंजेलिस किंवा मायामीकडे वळतात.

म्हणूनच २०२५ च्या अखेरीस जे घडले त्याचे महत्त्व त्याच्या ४० गुणांपेक्षा अधिक मानावे लागेल. पोटरीमुळे तो १२ सामने बाहेर होता आणि त्यातले नऊ स्पर्सने जिंकले. फॉक्स, २०२५ चा सर्वोत्तम नवोदित स्टेफन कॅसल आणि त्या वर्षीच्या निवडीतील दुसऱ्या क्रमांकाचा डिलन हार्पर यांनी चेंडूची सूत्रे हाती घेतली होती. ग्रेग पोपोविच यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि मे २०२५ मध्ये २९ हंगामांनंतर त्यांनी प्रशिक्षकपद सोडले. तरीही मिच जॉन्सन यांच्या हाताखाली घडी विस्कटली नाही. तारा नसतानाही संघ जिंकतो, म्हणून त्याची गरज कमी, असा तर्क कोणी काढील. वस्तुतः उलटे आहे. डंकन १९ हंगाम टिकला तो रॉबिन्सन, पार्कर आणि जिनोबिली यांनी त्याची मिनिटे वाचवली म्हणून. १३ डिसेंबरला वेम्बान्यामा परतला तोही राखीव खेळाडूंत बसून. सुमारे २१ मिनिटे खेळून त्याने २२ गुण केले आणि गतविजेत्या ओक्लाहोमा सिटी थंडरला एनबीए कपच्या उपांत्य सामन्यात १११-१०९ असे हरवण्यात वाटा उचलला. अंतिम सामना न्यूयॉर्कने जिंकला, तेव्हाही त्याला ताणले गेले नाही.

वेम्बान्यामा आधारस्तंभ होऊ शकतो काय, याचे उत्तर होकारार्थीच द्यावे लागेल. मैदानावर तो तसा झालाच आहे. त्याला वर्षाकाठी किती सामने खेळू द्यायचे नाहीत, हे ठरवण्याचा निग्रह मात्र क्लबला दाखवावा लागेल, आणि तो सोपा नाही. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी स्थानिक काउंटीच्या मतदारांनी शहराच्या मध्यवर्ती भागातील नव्या स्टेडियमसाठी ३१ कोटी १० लाख डॉलरपर्यंतचा सार्वजनिक निधी निसटत्या बहुमताने मंजूर केला. हा पैसा हॉटेलच्या खोल्यांवरील आणि भाड्याच्या मोटारींवरील करांतून येणार, म्हणजे मुख्यतः बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांच्या खिशातून. ते पाहुणे ज्याला पाहण्यासाठी तिकीट काढतील, त्यालाच अधूनमधून बाकावर बसवून ठेवण्याची वेळ येणार आहे.