वेगाची उचल आणि ब्रेकचे तारण

डहाणू-तलासरी भागातील व्यापारी घराण्यांत जुने वाहन सहजासहजी मोडीत निघत नाही. घोलवडच्या वाड्यांतून चिकूच्या पेट्या आणि डहाणूच्या कारखान्यांतून फुग्यांची खोकी वाहिलेली वडिलांच्या काळातील जीप-पिकअप आजही एखाद्या गोदामाच्या आडोशाला जपून ठेवलेली असते. दसऱ्याला तिला झेंडूचा हार चढतो आणि हंगामाच्या घाईत तिच्यावर मालही चढतो. तिचे इंजिन, रंग, आसने यांवर घरची मंडळी हौसेने खर्च करतात. ब्रेकचा विचार मात्र बहुधा सर्वांत शेवटी होतो.

या गाड्यांचा इतिहास पाहिला तर ही उणीव कोठून आली ते कळते. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि १९६५ मध्ये एफसी-१५० हे छोटे मालवाहू वाहन आणले. त्या पिढीच्या गाड्यांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक असत. चारही चाकांना तेल पुरविणारा मास्टर सिलिंडर एकच आणि त्याचा मार्गही एकच. चालकाच्या पायाच्या जोराखेरीज दुसरी मदत नसे. त्या काळच्या अरुंद रस्त्यांना आणि मंद वेगाला ती व्यवस्था पुरेशी होती. पुढे पेट्रोल महागले, तेव्हा अनेक मालकांनी डिझेल इंजिन बसवून घेतले. रस्ते रुंद झाले, वेग वाढला, एका फेरीत अधिक माल जाऊ लागला. इंजिन बदलले, ब्रेक मात्र जुनेच राहिले.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर वेग आणि भार ही उचल आहे आणि ब्रेक हे तिचे तारण. उचल वाढत जावी आणि तारण तेवढेच राहावे, असा व्यवहार कोणतीही शहाणी पेढी करणार नाही. शिवाय ही उचल सरळ पटीत वाढत नाही. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते. दर सेकंदाला ताशी १८ किलोमीटरने वेग घटविणारे ब्रेक धरले, तर ताशी ४० किलोमीटरवरून गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. ताशी ८० वरून थांबण्यास सुमारे ४९ मीटर लागतात. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात अनुक्रमे ११ आणि २२ मीटरची भर पडते. म्हणजे २३ मीटरचे अंतर ७१ मीटरवर जाते. बाजाराच्या दिवशी तलासरीत महामार्ग ओलांडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या दोन आकड्यांतील फरक हा जीवनमरणाचा फरक आहे.

ड्रम ब्रेकमध्ये शू आतून पसरून फिरत्या ड्रमवर घासतात. घर्षणाची उष्णता ड्रममध्ये कोंडली जाते, ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, लायनरची पकड सैल होते आणि पेडल खोल जाऊ लागते. जव्हारच्या घाटातून भरल्या गाडीने उतरताना हा अनुभव येतो. पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी शिरले की पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते आणि पाणीही चटकन झटकते. ब्रेक दाबताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या चाकांना डिस्क बसविण्याचा लाभ सर्वाधिक.

तथापि सुधारणेचा आरंभ डिस्कपासून करू नये. प्रथम आहे ते निर्दोष करावे. समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजलेल्या नळ्या, तडकलेले होज पाइप, गळके व्हील सिलिंडर, लंबगोल झालेले ड्रम हे सारे तपासून बदलावे. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. म्हणून किनारपट्टीवर तेल दर दोन वर्षांनी तरी बदलावे.

दुसरी पायरी दुहेरी मास्टर सिलिंडरची. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांचे मार्ग स्वतंत्र असतात. एक नळी फुटली तरी निम्मे ब्रेक हाती राहतात. पाहणाऱ्याच्या नजरेस न पडणारी ही सुधारणा मोलाने सर्वांत मोठी आहे.

त्यानंतर डिस्क आणि बूस्टर यांचा विचार एकत्र करावा. डिस्कला अधिक दाब लागतो, म्हणून बूस्टर जवळजवळ अनिवार्य ठरतो. बूस्टर निर्वातावर चालतो. पेट्रोल इंजिनात तो आपोआप मिळतो, डिझेल इंजिनाला मात्र व्हॅक्यूम पंप लागतो. अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरला जोडलेला असतो. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची सवय येथे घातक ठरते. इंजिन थांबल्यावर साठलेला निर्वात काही दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखे होते. उतार नेहमी खालच्या गिअरमध्येच उतरावा.

पुढे डिस्क आणि मागे ड्रम असे मिश्रण झाल्यावर दाबाची वाटणी जुळवावी लागते. ती चुकली तर रिकाम्या गाडीची मागची चाके आधी अडकतात आणि गाडी आडवी फिरते. कॅलिपर जुन्या रिममध्ये मावतो का, मास्टर सिलिंडरचा व्यास योग्य आहे का, हेही पाहावे. भंगारातून मिळेल ते सामान जुळवून हे काम होत नाही. एकाच गाडीचा पूर्ण संच आणि जाणता कारागीर हवा.

कागदपत्रांची बाजू तितकीच महत्त्वाची. मूळ नमुन्याचे भाग बदलणे ही दुरुस्ती होय. रचना बदलायची असल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ लक्षात घ्यावे. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती घ्यावी. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते. तथापि ते प्रमाणपत्र म्हणजे वर्षभराची हमी नव्हे.

काम पूर्ण झाल्यावर मोकळ्या मैदानात आधी रिकाम्या आणि मग भरल्या गाडीने, कमी वेगापासून चाचणी घ्यावी. गाडी एका बाजूला ओढत नाही ना, पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात नाही ना, हँडब्रेकवर ती चढावर उभी राहते ना, हे पाहावे. तेल बदलल्याची आणि लायनर पाहिल्याची तारीख खतावणीप्रमाणे नोंदवहीत लिहावी.

ही गाडी बहुतेक वेळा मालक चालवीत नाही. जवळच्या पाड्यावरचा पगारी चालक चालवितो. पेडल खोल जाते हे त्याला सर्वांत आधी कळते, पण गाडी दोन दिवस उभी ठेवावी लागेल या संकोचाने तो बोलत नाही. त्याने तक्रार केली की त्या दिवशीची फेरी थांबवायची, हा नियम पेढीने घालून द्यावा. एका फेरीचे भाडे पुढच्या आठवड्यात भरून निघते.