विंडो रस्त्याकडे वळवा

दिवाळीच्या तोंडावर मुंबईतल्या महागड्या दुकानांच्या विंडो सजवणं हा माझा धंदा. घड्याळं, जडावाचे दागिने, चामड्याच्या बॅगा, अत्तरं. ज्या वस्तूंवर किमतीची चिठ्ठीही लावत नाहीत, त्यांच्याभोवतीची सगळी मांडणी माझी माणसं करतात. पण हे काम ज्यांनी बघावं असं मला वाटतं, त्यांच्यापर्यंत ते पोचतच नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. बडी दुकानं मॉलमध्ये गेली. लोअर परळचं पॅलेडियम घ्या किंवा 2023 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलेला जिओ वर्ल्ड प्लाझा. तिथल्या बहुतेक विंडोंचं तोंड रस्त्याकडे नसतं, आतल्या गारेगार वाटेकडे असतं. प्रवेशाला तिकीट नाही, हे मान्य. पण दारावरच्या तपासणीतून आत जायला किती जण बिचकतात, हे तिथं पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

विंडो म्हणजे तीन-चार फूट खोल खोकं. मागची भिंत आणि तळ आम्ही आधी वर्कशॉपमध्ये पूर्ण उभे करून बघतो, मग सुटे करून टेम्पोत चढवतो. दुकान बंद झालं की काम सुरू, आणि सकाळी ते उघडायच्या आत झाडलोट करून बाहेर. पितळी पानं तंगूसावर लोंबतात. गाठ दिसली की सगळी मजा गेली. दिवसा काचेत आतल्या मालापेक्षा समोरची टॅक्सीच जास्त दिसते, म्हणून मागची भिंत फार काळोखी ठेवून चालत नाही आणि दिव्यांचा रोख नेमका वस्तूवर लागतो.

आमचे सुतार गणपतीत मंडळांचे हलते देखावे करतात आणि अनंत चतुर्दशी उरकली की माझ्याकडे येतात. मागच्या दिवाळीत त्यांनी छोट्या गिअर मोटरवर पितळी मोर डोलवला. मान वळताना मध्येच किंचित अडखळत होती. समोरून जाणाऱ्याला ते कळलंही नसतं, पण ते पहाटेपर्यंत तारेचा तो एकच वाक सरळ करत बसले होते. मंडळासाठी केलेला त्यांचा देखावा येणारा-जाणारा कुणीही बघतो. तेच हात, तीच मोटर, पण मॉलच्या काचेमागे गेल्यावर त्यांच्या स्वतःच्या घरची माणसंसुद्धा ते काम बघायला येत नाहीत.

प्रत्येक विंडोत मी खालच्या कोपऱ्यात, लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, काहीतरी ठेवते. दिवाळीत किल्ल्यावरचा मातीचा मावळा. मालाशी त्याचा काही संबंध नसतो. विंडो रस्त्यावर असली की फुटपाथवरून आईचं बोट धरून चाललेलं पोर तिथं हमखास थबकतं.

या धंद्यातल्या थोरांनी विंडो नेहमी फुटपाथसाठीच केली. गॉर्डन सेल्फ्रिजनं 1909 मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दुकान थाटलं आणि ते बंद झाल्यावरही रात्री विंडोतले दिवे चालू ठेवले. जीन मूर 1955 पासून जवळजवळ चाळीस वर्षं न्यूयॉर्कमध्ये टिफनीच्या चिमुकल्या विंडो सजवत होता. हिऱ्यांशेजारी तो माती, दोरा, खिळे मांडायचा. हिरा परवडणाऱ्यांसाठी एवढा खटाटोप करायची गरज नव्हती. तो रस्त्यानं जाणाऱ्यांसाठी होता.

रात्रीही विंडो उजळ ठेवायचा विषय दुकानदारांशी काढला की ते दोन अडचणी सांगतात. वीज हा मुद्दा एलईडी आल्यापासून फारसा उरलेला नाही. दुसरी अडचण खरी आहे: रात्री मौल्यवान माल तिजोरीत जातो, मग रिकाम्या विंडोत दाखवायचं काय? याचं उत्तर न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरच्या लॉर्ड अँड टेलर या दुकानानं 1938 च्या नाताळात देऊन ठेवलं आहे. या दुकानाच्या विंडो तळघरात सजवून हायड्रॉलिक लिफ्टनं वर रस्त्यापाशी आणत. त्या वर्षी त्यांनी विंडोत विकायची एकही वस्तू ठेवली नाही. फक्त सोनेरी घंटा झुलत होत्या आणि त्यांचा नाद बाहेर ऐकू येत होता. लोकांना ते इतकं भावलं की त्या घंटा पुढेही अनेक वर्षं नाताळात परतल्या. 2019 च्या सुरुवातीला ते दुकान बंद झालं, पण त्या घंटांची गोष्ट आमच्या धंद्यात अजून सांगतात.

मुंबईत हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. हॉर्निमन सर्कलच्या कमानींखाली हर्मेसनं 2011 मध्ये दुकान उघडलं, त्याच्या विंडो थेट पदपथावर आहेत. मॉलच्या बाहेरच्या भिंतींवर आज जाहिरातींचे अवाढव्य पडदे लागतात. त्याच भिंतीत खाली, चालणाऱ्याच्या उंचीवर, चार विंडो काढायला काय हरकत आहे? एका मोठ्या जाहिरातीचा खर्च त्याला पुरून उरेल.

पेढीवाले, साडीवाले, घड्याळवाले, ज्यांची दुकानं अजून रस्त्यावर आहेत, त्यांना माझं सांगणं आहे. या दिवाळीत वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत पत्र्याचं बंद शटर ओढू नका. जाळीचं शटर लावा, माल खुशाल तिजोरीत ठेवा, पण मांडणी जागेवर राहू द्या आणि दिवे निदान बारापर्यंत चालू ठेवा.