आचाऱ्याचा हुकूम, खाणाऱ्याचा अखत्यार

टोकियोतील एखाद्या जुन्या घाटणीच्या सुशीगृहात लाकडी फळीसमोर आसनस्थ झालेल्या गिऱ्हाइकाने, आज कोणता मासा सरस उतरला, तो किती मुरवावा आणि भाताच्या मुटक्याला झणझणीत वासाबीचा लेप किती द्यावा, या सर्व बाबींचा अखत्यार आचाऱ्याकडे सोपवून, समोर येईल ते तत्काळ मुखात घालावे, असा शिष्टाचार आहे. माशावर सोया सॉसचा हात फिरवण्याचे कामही पुष्कळदा आचारीच उरकतो. बँकॉकच्या नूडलच्या दुकानात मात्र कारभार नेमका उलटा: मेजावर साखर, मासळीपासून काढलेला खारा नाम प्ला, वाळल्या मिरचीची भरड आणि शिरक्यात बुडवलेल्या मिरच्या अशी चार पात्रे मांडलेली असतात, आणि आचाऱ्याने दिलेला वाडगा हा केवळ मसुदा समजून गोड, खारट, तिखट व आंबट यांचा अंतिम फैसला खाणाऱ्याने स्वहस्ते करावयाचा असतो, त्यात आचाऱ्याचा उपमर्द मुळीच होत नाही. पानाच्या डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी वाढून घेणाऱ्या आपल्या पंगतीला हा दुसरा कायदा अधिक परिचित वाटतो, म्हणूनच कदाचित मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत, जेथे दोन्ही देशांचे पदार्थ एकाच यादीत नांदतात, सुशीवर चिली सॉसची मागणी बिनदिक्कत होते. रुचिस्वातंत्र्य मान्य, परंतु ज्या मेजावर बसावे त्याचा कायदा पाळावा, आणि पाळावयाचा नसेल, तर निदान थाई वाडगा अळणी लागल्याची फिर्याद तरी, चारही पात्रे तपासल्यावाचून, दाखल करू नये.