बस उशिरा येते कारण ट्रॅफिक? हे अर्धंच उत्तर. गाडी कमी पडली की आधी कापली जाते ती शेवटच्या गावाची फेरी

कल्याण : ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत कुठल्याही थांब्यावर उभं राहून विचारा, बस का येत नाही? उत्तर ठरलेलं आहे, "ट्रॅफिक आहे ना." ट्रॅफिक आहेच, नाही कोण म्हणतो. पण त्याच ट्रॅफिकमधून रिक्षा येते, टेम्पो येतो, काळीपिवळी येते. मग बसलाच पाऊण तास का लागतो, आणि आली की दोन एकदम का येतात, याचं उत्तर नुसत्या ट्रॅफिकमध्ये सापडत नाही.

मुरबाड-शहापूरच्या वाचकाला वाटेल, शहराची बस, आपल्याला काय त्याचं. पण जिल्हाधिकारी कार्यालय ठाण्यात, जिल्हा परिषद ठाण्यात, सिव्हिल ठाण्यात, तिथून पुढे पाठवलं तर कळवा हॉस्पिटल. पोरं कल्याणला कॉलेजला. एसटीने किंवा आसनगावच्या लोकलने तिथपर्यंत पोचलो तरी पुढचा तुकडा शहराच्या बसचा किंवा रिक्षाचाच. शिवाय कल्याणच्या महापालिकेची बस काही फक्त शहरात फिरत नाही. मलंगगड, पडघा, टिटवाळा या बाजूंना तीच जाते. तिच्या भरवशावर असलेली गावं आपल्यातलीच आहेत.

आधी हिशेब बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण रीत हीच आहे. समजा एका मार्गाला जाऊन-येऊन दोन तास लागतात आणि त्यावर चार गाड्या आहेत. म्हणजे दर अर्ध्या तासाला एक बस. थांब्यावरच्या बोर्डावर तेच लिहिलेलं असतं. आता रस्ता खोदला, फेरीला दोन तासांऐवजी दोन तास चाळीस मिनिटं लागायला लागली. गाड्या चारच. मग बस चाळीस मिनिटांनी येणार. ड्रायव्हरने कितीही जोर लावला तरी. आता त्यातली एक गाडी सकाळी आगारातून निघालीच नाही, तीनच राहिल्या. आता बस जवळपास त्रेपन्न मिनिटांनी. बोर्ड मात्र अजून अर्धा तासच सांगतो.

ट्रॅफिकने दहा मिनिटं वाढवली, एका गाडीने तेरा वाढवली. आपण शिव्या घालतो त्या फक्त ट्रॅफिकला. आमचा भाजीचा टेम्पोही कल्याणला बाजार समितीकडे जाताना अडकतो. पण टेम्पोच्या मागे दुसरी फेरी लावलेली नसते, बाजारात पोचला की त्याचं काम संपलं. बसचं तसं नाही. पहिल्या फेरीचा उशीर दुसरीत जातो, दुसरीचा तिसरीत.

दोन बस एकदम येतात त्याचं कारणही असंच साधं आहे. पुढची गाडी पाच मिनिटं मागे पडली की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमलेली असतात. त्यांना चढायला, तिकीट काढायला जास्त वेळ. ती आणखी मागे पडते. मागून येणाऱ्या गाडीला मात्र थांब्यावर माणसंच कमी, कारण पुढच्या गाडीने आधीच उचललीत. ती धावत येऊन पुढच्या गाडीला गाठते. मग तासभर काही नाही आणि एकदम दोन, एक खचाखच भरलेली आणि मागची रिकामी. लोक म्हणतात ड्रायव्हर मुद्दाम जोडीने चालवतात, गप्पा मारायला. तसं नाही. जगभर जिथे जिथे बस धावते तिथे हे होतं. हे मोडायचं तर शेवटच्या थांब्यावर आठ-दहा मिनिटं मोकळी ठेवायला लागतात, म्हणजे उशिरा आलेली गाडी तिथे भरपाई करून वेळेवर परत सुटेल. पण गाड्या आधीच कमी असल्या की ही मोकळी मिनिटंच पहिली कापतात. आली गाडी, वळवली, पाठवली.

गाड्या किती कमी?

केंद्राच्या नगरविकास खात्याच्या मापदंडानुसार चांगल्या सेवेसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे ६० बस पाहिजेत. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. त्या हिशेबाने ठाण्याला हजाराच्या वर आणि कल्याण-डोंबिवलीला सातशेच्या वर बस लागतात. दोन्ही ठिकाणी रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या याच्या निम्म्यालाही कधी पोचल्या नाहीत. आणि ती लोकसंख्या २०११ ची. त्यानंतर घोडबंदरला, शिळ रस्त्याला, टिटवाळ्याला किती टॉवर उठले ते आपण रोज बघतोय. माणसं आली, गाड्या त्या मानाने आल्या नाहीत.

ठाण्याची परिवहन सेवा १९८९ ला सुरू झाली, कल्याण-डोंबिवलीची १९९९ ला. पुढे केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून दोघांनाही नव्या बस मिळाल्या. तेव्हा रिबिनी कापल्या, फोटो आले. पण योजनेत गाडी मिळते. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक आणि सुटे भाग महापालिकेलाच बघायचे असतात. कल्याणमध्ये तर चांगल्या अवस्थेतल्या बसही माणसांअभावी आणि दुरुस्तीअभावी आगारात उभ्या राहिल्या, गंजल्या. शेतकऱ्याला हे सांगायला नको. सबसिडीत ट्रॅक्टर मिळाला पण डिझेलला आणि ड्रायव्हरला पैसा नाही, तर तो ट्रॅक्टर गोठ्याशेजारीच दिसणार.

यात आणखी एक गोष्ट आली. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि महापालिकांच्या १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणी पुढे वाढवायची नाही, असा केंद्राचा नियम लागू झाला. नियम चुकीचा नाही, जुन्या गाड्यांचा धूर आणि ब्रेक दोन्ही आपण बघितलेत. पण जेएनएनयूआरएमच्या गाड्या साधारण २००९ नंतरच्या. म्हणजे त्यांची पंधरा वर्षं आत्ताच भरत चालली आहेत. त्या एका मागोमाग एक बाद होणार, आणि नव्या वेळेत आल्या नाहीत तर आहे ती फेरीही जाणार.

नव्या येत नाहीत असं नाही. ठाण्याने १२३ इलेक्ट्रिक बसचा करार केला आणि २०२३ पासून त्या रस्त्यावर दिसायला लागल्या. गाडी चांगली आहे, आवाज नाही, पायरी खाली आहे, म्हाताऱ्या माणसाला चढता येतं. मात्र या गाड्या ठेकेदाराच्या. महापालिका त्याला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे देते. या पद्धतीत बिल थकलं की ठेकेदार ड्रायव्हरचा पगार थकवतो, आणि पगार थकला की एका सकाळी गाड्या आगाराबाहेरच येत नाहीत. ठेक्यावरच्या चालकांनी पगारासाठी काम बंद केल्याचे प्रकार ठाण्यात घडले आहेत. मुंबईत बेस्टचंही तेच. भाड्याने घेतलेल्या गाड्या काही ठेकेदारांनी मध्येच काढून घेतल्या आणि तिथेही थांब्यावर रांगा लागल्या. ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही. दोन महिने पगार नसेल तर कोण गाडी काढेल?

आता रस्त्याचं. कल्याणचा पत्रीपूल ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाला, नवा पूल सुरू झाला जानेवारी २०२१ मध्ये. डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ ला बंद झाला, २०२१ ला उघडला. मुंब्रा बायपास २०१८ मध्ये काही महिने दुरुस्तीला बंद होता तेव्हा उरणच्या बंदराकडून भिवंडी-गुजरातकडे जाणारे कंटेनर शिळफाटा, ऐरोली, कल्याण जिथे वाट मिळेल तिथे घुसले. घोडबंदरला मेट्रो ४, शिळ रस्त्यावर मेट्रो १२, नाशिक हायवेवर वडपे ते माजिवडा रुंदीकरण. कामं व्हायलाच पाहिजेत, त्याला कोणाची ना नाही. पण काम सुरू करताना फेरीचा वेळ वाढणार हे माहीत असतं. पूल अडीच वर्षं बंद राहणार असेल तर त्या मार्गावर दोन गाड्या जास्त द्यायच्या, किंवा निदान बोर्डावरचं वेळापत्रक खरं करायचं. रस्ता खोदणारं खातं एक, बस चालवणारं दुसरं, आणि तिसरं ट्रॅफिक पोलीस. बससाठी वेगळी लेन तर या शहरांत स्वप्नातच.

संध्याकाळची शेवटची फेरी का जाते

आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं इथे आहे. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा आहे. त्यात ड्रायव्हर-कंडक्टरची ड्युटी दिवसाला साधारण आठ तासांची. हा कायदा योग्य आहे, झोपेत चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत कोणाला बसायचंय? पण आठ तासांत चार फेऱ्या बसवलेल्या असतात आणि ट्रॅफिकमुळे प्रत्येक फेरी चाळीस मिनिटं लांबते, तेव्हा तिसरी फेरी संपतानाच ड्युटी संपते. चौथी फेरी रद्द. बदली ड्रायव्हर असेल तर ठीक, नसेल तर विषय संपला. सकाळी दहा वाजता चक्कीनाक्याला झालेला उशीर संध्याकाळी सात वाजता मलंगगड रस्त्यावरच्या माणसाची बस खातो.

आणि फेरी रद्द करायची तर कोणती? नियंत्रकाच्या जागी आपण असतो तरी तेच केलं असतं. स्टेशनजवळ माणसं ओरडतात, तिकीटही तिथेच जास्त. म्हणून लांबची फेरी कापायची, किंवा गाडी अर्ध्यातून वळवून परत आणायची. कालव्याला पाणी कमी सोडलं की शेपटाकडच्या शेताला पोचत नाही, वरच्यांचं भागतं. बसचंही तसंच. रजिस्टरला चार फेऱ्यांऐवजी तीन, हे पंचवीस टक्के दिसतं. द्वारली, भाल, नेवाळीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या बाईला ते शंभर टक्के असतं. तिला मग शेअर रिक्षा, तीन सीटवर पाच, आणि अंधार पडला की सांगेल ते भाडं.

ती एकदा रिक्षाने गेली, दोनदा गेली, मग बसची वाटच बघत नाही. महिन्याने परिवहनचा माणूस सांगतो, या मार्गाला प्रवासी नाहीत, उत्पन्न नाही. मार्ग तोट्यात म्हणून आणखी फेऱ्या कमी. एसटीचं हेच आपण नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ च्या संपात बघितलं. संप मिटला, पण तोवर जीपची सवय लागली होती, आणि कितीतरी गावांची मुक्कामी गाडी पहिल्यासारखी झाली नाही.

कल्याणच्या २७ गावांची गोष्ट यात वेगळीच कडू आहे. १९८३ ला महापालिकेत, २००२ ला बाहेर, २०१५ ला पुन्हा आत. २०२० मध्ये त्यातल्या १८ गावांची वेगळी नगर परिषद काढली, ती त्याच वर्षी हायकोर्टाने रद्द केली. आत घेतलं की मालमत्ता कर शहराचा लागतो, त्याला उशीर होत नाही. काटई, निळजे, घेसर, उसरघर इथल्या माणसाने विचारावं की कर शहराचा तर बस कोणत्या हिशेबाची? विचारायचं कोणाला हाही प्रश्नच होता. कल्याण-डोंबिवलीत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून काही वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे.

परिवहनवाले म्हणतात तोटा आहे, आणि तो आहेच. तिकिटाच्या पैशातून शहराची बस चालत नाही, मुंबईतही नाही. म्हणून महापालिका दरवर्षी बजेटमध्ये परिवहनला अनुदान देते. पूल बांधला की तो तोट्यात आहे असं कोणी म्हणत नाही, बसलाच का म्हणायचं हे मला कळत नाही. माझ्या मते नव्या गाड्यांच्या घोषणेपेक्षा आहे त्या गाड्यांतल्या रोज किती बाहेर पडतात हा आकडा मोठा. दहा नव्या बस आल्या आणि बारा आगारात उभ्या राहिल्या तर गावाला काय मिळालं?

हा आकडा मागता येतो. माहितीच्या अधिकारात साधा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. परिवहन उपक्रमाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने करायचा. "बस उशिरा का येते" असं विचारू नका, त्याला "ट्रॅफिकमुळे" एवढंच उत्तर येईल. आपल्या मार्गाचं नाव आणि क्रमांक लिहा, एक महिना ठरवा आणि मागा : रोजच्या नियोजित फेऱ्या किती, प्रत्यक्ष झाल्या किती, रद्द झालेल्या प्रत्येक फेरीची वेळ आणि नोंदवलेलं कारण. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रद्द फेऱ्यांच्या वेळा हाती आल्या की बघा त्यात संध्याकाळी सहानंतरच्या किती आहेत, आणि तो कागद घेऊनच नगरसेवकाकडे जा. मलंगगड आणि पडघा मार्गावरच्या गावांनी असे अर्ज केले आणि उत्तरं आली, तर आमच्याकडे पाठवा. आकडे इथे जसेच्या तसे छापू.