तालीम सुटली, तूप सुटले नाही

गेल्या वर्षी आमच्या चिकित्सालयात पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ आले. तरुणपणी तालमीत अंग कमावलेले, आता दिवसभर दुकानाच्या गादीवर बैठक. त्यांचा प्रश्न सरळ होता : "डॉक्टरांनी तूप कमी करायला सांगितलंय. आयुर्वेद काय म्हणतो?" आम्ही घृताचे गुण सांगितले आणि 'घरचे तूप असेल तर भय नाही' असे म्हणून मोकळे झालो. किती खाता, हे मात्र विचारले नाही. आठ महिन्यांनी त्यांना स्टेंट बसविल्याचे कळले. ही व्याधी वर्षानुवर्षे घडत असते. ती आमच्या एका वाक्याने झाली असे नव्हे. तरीही ते वाक्य आमच्या तोंडून जायला नको होते.

आपल्या करवीरनगरीत हा प्रश्न पदोपदी भेटतो. शाहू महाराजांनी मल्लविद्येला आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले, आणि पैलवानाचा खुराक ही गावाची प्रतिष्ठा झाली. आज जोर-बैठका मोजकेच काढतात. परंतु गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला रिचविणारे पुष्कळ आहेत. चरकाचार्यांनी म्हशीचे दूध गाईच्या दुधाहून गुरू सांगून ते अनिद्रा व अत्यग्नी असलेल्यांना हितकर म्हटले आहे. गादीवर बसून पित्ताच्या गोळ्या चघळणाऱ्याचा अग्नी अत्यग्नी कसा? स्नेहाध्यायात तर कफ-मेद वाढलेल्यांना स्नेहन प्रशस्त नाही, असे स्पष्ट आहे. घृताची प्रशंसा आपण मुखोद्गत करतो. हा भाग मात्र परीक्षेपुरता राहतो.

आधुनिक गणितही कठीण नाही. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी संपृक्त स्निग्धांश दहा टक्क्यांच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००० कॅलरींच्या आहारात तो सुमारे २२ ग्रॅम होतो. म्हशीच्या अर्ध्या लिटर दुधात निदान ३० ग्रॅम स्निग्धांश, आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश संपृक्त. म्हणजे दोन पेल्यांतच दिवसाचा वाटा जवळजवळ संपला. भातावरचे तूप अजून वाढायचेच आहे.

येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. रुग्ण मिसळीच्या लाल कटाला भितात आणि पांढरा रस्सा 'सौम्य' म्हणून वाटीवर वाटी पितात. कट शेंगदाणा तेलाचा असेल तर त्यातला संपृक्त अंश साधारण पंचमांश. पामतेलाचा असेल तर निम्मा. पांढऱ्या रश्श्यातील नारळाच्या दुधाचा स्निग्धांश मात्र बहुतांश संपृक्तच. तिखटपणा आणि स्निग्धता या भिन्न गोष्टी आहेत, हे रुग्णाला आपणच सांगावयास हवे. बेकरीतील खारीचेही तसेच : २०२२ पासून ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, तरी वनस्पती तूप संपृक्तच राहिले.

'तूप निर्दोष ठरले' असे काही वैद्यबंधू हल्ली म्हणतात. तूप सोडून मैदा-साखर वाढविली तर हृदयाला लाभ नाही, इतकेच खरे. त्याच जागी करडई-शेंगदाण्याचे तेल बेताने आले तर लाभ होतो. आम्ही आता तूप बंद करावयास सांगत नाही. धारेने न वाढता लहान चमच्याने मोजून वाढा, दूध तापवून थंड झाल्यावर साय दोनदा काढा आणि फोडणी तेलाची ठेवा, असे सांगतो. साय घरात पुन्हा लोणी होऊन परतते, म्हणून हे सांगताना गृहिणीलाही समोर बसवितो.

औषधालयाच्या चालकांनाही एक विनंती. त्रिफला घृत वा पंचतिक्त घृत देताना घरी तूप किती खाता, हे विचारावे, आणि औषधी घृताची मात्रा त्यातच धरावी. 'देशी तूप कितीही खा' हे गल्ल्यावरून दिले जाणारे अभयदान थांबवावे. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असलेल्यास ती परस्पर बंद करावयास तर मुळीच सांगू नये.

ते गृहस्थ अलीकडे पुन्हा आले होते. 'तूप किती खाता, हे त्या वेळी का नाही विचारलंत?' असे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर नव्हते. आमच्या रुग्णपत्रिकेवर आता अग्नी व कोष्ठ यांच्या खाली दोन ओळी छापून घेतल्या आहेत : दूध कोणते व किती, तूप किती चमचे.