नृत्योपचाराची कैफियत

छिन्नमनस्कतेने, म्हणजेच स्किझोफ्रेनियाने, ग्रासलेल्या माणसाला नाचावयास लावणे ही निव्वळ करमणूक असून तिला उपचार म्हणणे हा शास्त्राचा उपमर्द होय, असे मानणारे विद्वान २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीचा दाखला देतात. दाखला खोटा नाही. २७५ रुग्णांच्या त्या चाचणीत नृत्योपचाराशी निकटचे नाते असलेल्या देहाभिमुख मानसोपचाराची तुलना पिलाटेस व्यायामाशी करण्यात आली, आणि अबोलपणा, निरिच्छता इत्यादी ज्या लक्षणांसाठी तो योजला होता, त्यांत व्यायामाहून अधिक असा म्हणण्याजोगा गुण आला नाही. तेव्हा नाचाने हा रोग हटतो असा डांगोरा पिटणाऱ्या उत्साही मंडळींचा दावा खारीज झाला, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या निरिच्छतेपुढे प्रचलित औषधेही बहुतांशी हतबल ठरतात, तिच्यापायी एकट्या नृत्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा कुठला न्याय?

औषधे नव्हती तेव्हा असले उद्योग ठीक होते, हा दुसरा आक्षेप. वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स इस्पितळात मेरियन चेस या नर्तकीने १९४२ साली हे कार्य आरंभिले, तेव्हा या रोगावरील क्लोरप्रोमाझिन हे औषध अमेरिकेत यावयास एका तपाचा अवकाश होता, हे खरे. पण ते आल्यावर तिचे काम बंद पडले नाही, उलट १९६६ साली अमेरिकेतील नृत्योपचारकांची संघटना स्थापन होऊन तीच तिची पहिली अध्यक्ष झाली. खुर्चीत बसल्या बसल्या पुढेमागे झुलणाऱ्या, कोणाच्याही प्रश्नाला उत्तर न देणाऱ्या रुग्णापुढे ती आणखी एक प्रश्न घेऊन जात नसे. त्याच्या झुलण्याचीच लय ती आपल्या अंगात घेई (वेडावणे आणि प्रतिसाद देणे यांतले अंतर रुग्णाला आपल्याआधी कळते), मग ती किंचित रुंद करी, शेजारच्यापर्यंत नेई आणि सावकाश सगळे वर्तुळ एका ठेक्यावर आणी. आपल्या उपक्रमास तिने नाव दिले होते ‘संपर्कासाठी नृत्य’. रोगनिवारणाची हमी तिने त्यात घातली नव्हती.

आमची मागणीही तेवढीच आहे. वैद्याच्या हुकुमावाचून एक गोळीही कमी न करता, प्रशिक्षित उपचारकाच्या देखरेखीखाली, ठरलेल्या वारी रुग्णांना असे वर्तुळ मिळावे. वार्षिक संमेलनात पाहुण्यांपुढे रुग्णांकडून समूहनाच करवून अहवालात त्याची नोंद नृत्योपचार म्हणून करणे, हा प्रकार मात्र विरोधकांइतकाच आम्हांसही नामंजूर आहे. कारण तेथे रुग्णाची लय कोणी घेत नाही, त्यालाच दुसऱ्याच्या ठेक्याबरहुकूम हलावे लागते.