गिरणगावाचे गाणे आणि भिवंडीचा माग

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणीच्या आवारात मुंबई महापालिका वस्त्रोद्योग संग्रहालय उभारीत आहे. त्यात तळ्याकाठी संगीत कारंज्याचीही योजना आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांची डफावरची थाप जिथे घुमली, त्या गिरणगावाच्या वाट्याला अखेर कारंजे यावे!

गिरणगावाचे गाणे आकाशातून पडलेले नव्हते. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार पाळी संपवून परते, तेव्हा त्याच्या हाती काही तास स्वतःचे उरत. ते तास लढून मिळवलेले होते. चाळीचे भाडे परवडत होते, म्हणून भजनी मंडळ, शक्तितुरा, तमाशाची बारी आणि शाहिरांचा जलसा यांना श्रोता होता. १९४४ साली उभे राहिलेले लाल बावटा कलापथक याच श्रोत्यांच्या बळावर वाढले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि कापडाहून जमीन महाग ठरली. (अर्थशास्त्र या मिळकतीला खंड म्हणते, लूट म्हटले तरी चालेल.) १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे ठरविले होते: मोकळी मैदाने, सार्वजनिक घरे आणि मालक. २००१ साली ही वाटणी मुळातच रिकाम्या असलेल्या जागेपुरती आखडण्यात आली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तीच मान्य केली. घरांसाठी दीड लाखाहून अधिक गिरणी कामगारांचे व वारसांचे अर्ज आले. त्यांतील अनेकांना आता शेलू-वांगणीची वाट दाखविली जाते. कामगाराचे स्मारक काळाचौकीला आणि कामगार कर्जतच्या वाटेवर!

अमेरिकेत हे आधीच घडले आहे. मेम्फिस शहरातील बील स्ट्रीट ही निग्रो जनतेच्या ब्लूज संगीताची पेठ. १९७७ साली अमेरिकन काँग्रेसने तिला ब्लूजचे माहेरघर म्हणून गौरविले. पण तोवर ‘नागरी नूतनीकरणा’च्या नावाखाली भोवतालची कृष्णवर्णीय वस्ती पाडून झाली होती. रस्ता वाचला, गाणारे पांगले.

भाकरीचा प्रश्न असताना गाण्याची चिंता कशाला, असे काही कार्यकर्ते विचारतील. त्यांनी भिवंडीकडे पाहावे. संपाच्या काळात आणि नंतर मालकांनी कापड इथल्या यंत्रमागांवर विणून घेतले. माग आले, पण गिरणीची पाळी, रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि चाळ मागेच राहिली. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला माणूस बारा-बारा तास मागावर उभा राहतो, भिशीत जेवतो आणि दाटीच्या खोलीत पाळीपाळीने झोपतो. त्याच्याही गावाकडे गाणे आहे. ते गायला त्याने कोणता तास आणावा?

म्हणून संग्रहालयाला विरोध करण्यात शक्ती दवडू नये. गिरणी कामगारांना मुंबईतच घरे, भिवंडीत आठ तासांची पाळी आणि यंत्रमाग कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या खोल्या, या तीन मागण्या एकाच निवेदनात मांडून ते निवेदन लालबागच्या चाळींत आणि भिवंडीच्या भिशींत एकाच आठवड्यात फिरले पाहिजे.